लंडन, मुंबईपासून एका रात्रीवर

परदेशाहून आलेल्या माणसाला आमच्या गल्लीत दोनच गोष्टी विचारतात. खाण्यापिण्याचे हाल झाले का, आणि काय आणलंस? मी तीन आठवडे लंडनला राहून आलो, तेव्हा मलाही तेच विचारलं. हाल काही झाले नाहीत आणि आणलं काही नाही. जे आणायला गेलो होतो ते आलं नाही. मी आणायला गेलो होतो माझ्या धाकट्या भावाला.

गेलेल्यांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय, काही माझ्याच छापखान्यात छापलंय. तिथले रस्ते, तिथली शिस्त, तिथली थंडी, आणि शेवटी मायदेशाच्या मातीचा वास. मातीचा वास मला आला नाही. सांताक्रूझच्या विमानतळावर उतरलो तेव्हा फिनेलचा वास येत होता. तेव्हा ज्यांना शिस्त आणि रस्ते हवेत त्यांनी दुसरं काही वाचावं. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय, ते म्हणजे मुंबई ते लंडन हे अंतर.

निघण्याआधीचं

मधू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. इंजिनियर झाला आणि त्रेसष्ट साली बोटीनं विलायतेला गेला. आम्ही सगळे त्याला पोचवायला मुंबईच्या धक्क्यावर गेलो होतो. आईनं तेव्हा कुणाला तरी विचारलं, ही बोट पोचणार कधी? तो म्हणाला, अठरा दिवस लागतील. झालं. आईच्या डोक्यात लंडन अठरा दिवसांच्या वाटेवर जाऊन बसलं ते बसलंच. मधू पुढं लग्नासाठी एकदा विमानानं आला, पुण्यात लग्न लावून चार दिवसांत परत गेला, पण आईचे अठरा दिवस काही कमी झाले नाहीत. पत्राला उशीर झाला की म्हणायची, "लांबची वाट हाय, येईल की." बाई माळशिरस भागातल्या खेड्यातली. साठ वर्षं सोलापुरात राहून तिनं 'हाय' सोडलं नाही.

शहात्तर सालच्या रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी आई गेली. आमच्यात रीत अशी, की बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा आणि आईला धाकट्यानं. वडिलांना मी दिला होता. आईला मधूनं द्यायचा. हे मी ठरवलेलं नाही, चार पिढ्या चालत आलंय. समोर डॉक्टरांकडं फोन होता, तिथून लंडनचा कॉल लावला. दुपारी लागला. समुद्राच्या तळातून बोलावं तसा त्याचा आवाज आला. "दादा, मी निघतो. तिला ठेवा."

ठेवली. चैत्रातलं सोलापूर ज्याला माहीत आहे त्यालाच त्या दोन शब्दांचा अर्थ कळेल. समोरच्या हातमागवाल्यांची पोरं बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणत होती, भुशात गुंडाळून, हातगाडीवर. लादी ठेवली की तासाभरात तिचं पाणी. बायका पाणी उपसत होत्या आणि मी रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहत होतो, जसा काही तो टांग्यातूनच उतरणार होता. तिसऱ्या दिवशी सकाळच्या मुंबई गाडीनं तो येईल असा सगळ्यांचा हिशेब.

आईची धाकटी बहीण, आमची सोनामावशी, तिला निरोप मिळाला तशी निघाली. गुडघे गेलेली बाई, दोनदा एसटी बदलून दिवेलागणीला दारात हजर. रडून झाल्यावर पहिलं तिनं विचारलं, "मधू कुटवर आलाय रं?"

मधू कुठवरच आला नव्हता. रामनवमीच्या संध्याकाळी त्याची तार आली. तार इंग्रजीत होती, तिचा अर्थ एवढाच: विमानात जागा मिळत नाही, अंतर फार आहे, उरकून घ्यावे.

उरकून घ्यावे! लग्नात पंगत उरकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं माझ्या खांद्यावर आलं. स्मशानात एकदोघं कुजबुजले, तर मीच त्यांच्या अंगावर गेलो. म्हटलं, "अहो, सातासमुद्रापलीकडं आहे तो. टांगा करून येणार आहे का?" लोकांना ते पटलं, कारण मला ते पटलं होतं.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चांगले दहापाच बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग सुरू झालं नेहमीचं. जो तो पुढं होऊन हात जोडतो आणि गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ती पुरी करायचा शब्द देतो. बायको म्हणाली, आई, मुलीचं लग्न थाटात करू. कावळा नाही. चुलते म्हणाले, वहिनी, देवीचा नवस फेडू. कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "आई, मधूला मी घेऊन येतो. वर्षश्राद्धाला तो इथं असेल."

कावळा आला की हो! सरळ पिंडावर. श्रद्धा म्हणा, नाहीतर त्या पाखराला तेव्हाच भूक लागली म्हणा. पण दिलेला शब्द दिलेलाच होता, आणि तो सगळ्यांनी ऐकला होता.

पत्रांनी काही होईना. 'बघतो', 'रजेचं जमवतो', 'तूच ये ना एकदा, माझं घर बघ'. म्हटलं ठीक आहे, मीच येतो आणि तुला घेऊनच परततो. असं मी त्याला लिहिलंसुद्धा, चेष्टेनं नव्हे. त्यानं तिकीट पाठवलं. जानेवारीत मी पत्र टाकलं आणि फेब्रुवारीत माझ्या नावाचं तिकीट मुंबईच्या कचेरीत तयार. पासपोर्टला मात्र माझ्या चपला झिजल्या. ज्या विमानात जागा मिळत नाही म्हणून तार आली होती, त्याचं तिकीट एवढ्या लवकर कसं आलं, हा विचार तेव्हा माझ्या टाळक्यात आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

विमानात

सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई. तो प्रवास सांगण्यासारखा नाही. संध्याकाळी बसायचं, माना मोडून घ्यायच्या, सकाळी दादरला उतरायचं. मुंबईत एक दिवस मेहुण्याकडं काढला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळावर गेलो.

माझ्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि एक पिशवी. पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाची चटणी, आणि आईच्या हातची राहिलेली थोडी सांडगी मिरची. ती मी मधूसाठी वर्षभर बरणीत जपली होती. सामान तोलणारी मुलगी ट्रंकेकडं बघून हसली. हसू दे. तिच्या त्या रेक्झिनच्या बॅगा आमच्या एसटीच्या टपावर दोन फेऱ्या टिकणार नाहीत.

विमान म्हणजे आमच्या चित्रा टॉकीजच्या बाल्कनीला पंख लावावेत एवढं. आकाशात उठलं तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरले होते हे कबूल करतो. नंतर काही नाही. बसल्या जागी खायला मिळालं. मी शाकाहारी सांगितल्यावर त्यांनी उकडलेलं गाजर, उकडलेले वाटाणे आणि उकडलेला बटाटा दिला. आजाऱ्याला आम्ही यापेक्षा बरं देतो. मी पिशवीतून भाकरी काढून मोडली, तर कटकन असा आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या मडमेनं वळून पाहिलं.

शेजारी एक गुजराती गृहस्थ होते, छगनभाई. नवसारीकडचे. लंडनात त्यांचं वर्तमानपत्रं आणि सिगारेटी विकायचं दुकान. त्यांनी माझी चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितली, आणि मला थेपले दिले. भला माणूस. डोक्यावर नुकते रुजून आलेले बारीक केस. मी विचारलं, "तिरुपती गये थे क्या?"

"नहीं भाई," ते म्हणाले. "बापूजी चल बसे. अभी महीना भी नहीं हुआ."

"आपको मिले क्या? मतलब, पोचले का तुम्ही वेळेवर?" माझं हिंदी असं मध्येच घसरतं.

"हां हां. सुबह फोन आया, शाम के प्लेन में बैठा, दूसरे दिन शाम को घर. सब राह देख रहे थे. अग्नि मैंने ही दी."

मी म्हणालो, "जागा मिळाली? जगह मिल गई एकदम?"

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. "ऐसे मौके पे तो देते ही हैं. बोलना पड़ता है, बाप गया है. और रोज तो प्लेन है, एक नहीं तो दूसरा. दस घंटे की तो बात है."

माझा घास तोंडातच राहिला. छगनभाई बिचारे बापाबद्दल बोलत राहिले आणि मी मान हलवत राहिलो. ते काय बोलले त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

मधल्या वाळवंटात कुठंतरी विमान एकदा उतरून पुन्हा उडालं. त्यानंतर एक गंमत झाली. वैमानिकानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक कार्ड पुढच्या रांगेतून मागं येऊ लागलं. जो तो वाचून शेजाऱ्याला द्यायचा, लग्नात अक्षता फिरवतात तसं. माझ्या हातात आलं. आपण किती उंचीवर आहोत, बाहेर थंडी किती, वेग किती, लंडन किती राहिलं, हे सगळं त्यावर होतं. मुंबईपासून लंडन साडेचार हजार मैल. तासाला साडेपाचशे. मला भागाकार येतो. मधला मुक्काम धरला तरी दहा तास.

दहा तास हे मी पेपरात कधी वाचलं नव्हतं असं नाही. पण वाचलेलं डोक्यात राहतं आणि आईचे अठरा दिवस रक्तात. मला आपलं वाटायचं, ते दहा तास जाहिरातीतले. खरं जाताना बंदरं असतील, खोळंबे असतील, काहीतरी असेलच. नाहीतर आईसाठी पोरगा आला नसता का? आता मी स्वतः त्या खुर्चीत बसलो होतो आणि खोळंबा कुठं म्हणून नव्हता.

दहा तास म्हणजे किती, सांगू? सोलापूर ते मुंबई. संध्याकाळी बसायचं आणि सकाळी उतरायचं. माझ्या छापखान्याच्या कागदासाठी मी महिन्यातून एकदा तेवढा प्रवास करतो, आणि त्याला मी प्रवाससुद्धा म्हणत नाही.

कार्ड मी पुढं द्यायला विसरलो. हवाई सुंदरीनं येऊन ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

उतरल्यावर

मुंबईहून निघालो तेव्हा सकाळ, लंडनला उतरलो तर दुपार. घड्याळ मागं करायला सांगितलं. एवढी घाई कशाला, असंच ते घड्याळ म्हणत असावं.

पासपोर्ट बघणाऱ्या साहेबानं विचारलं, कशासाठी आलात? मी म्हणालो, "टू टेक माय ब्रदर." तो म्हणाला, कुठं? म्हटलं, "सोलापूर." त्यानं विचारलं, भावाची इच्छा आहे का? हा प्रश्न त्या गोऱ्याला सुचला, मला सोलापुरात सुचला नव्हता. मी "येस, येस" म्हणालो. त्यानं शिक्का मारला, पण माझ्याकडं बघत राहिला.

पुढं सामान तपासणारा दुसरा. त्यानं भाकरी उचलली, वाकवून बघितली, वाकेना. टेबलावर आपटली, तुटेना. मग त्यानं आपल्या जोडीदाराला बोलावलं आणि दोघंही ती टकटक वाजवून बघू लागले. "फूड," मी म्हणालो. "ब्रेड." त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मी एक तुकडा मोडून त्यांच्यासमोर खाल्ला. चटणीच्या डब्याचं झाकण मात्र मी 'नो, नो' म्हणत असताना त्यानं उघडलं आणि नाक आत घातलं. पुढची पाच मिनिटं तो शिंकत होता. सगळी पिशवी त्यांनी सोडली. सांडगी मिरचीची बरणी तेवढी काढून घेतली आणि मागच्या डब्यात टाकली. का ते सांगितलं नाही. काच फुटल्याचा आवाज आला. मी मराठीत काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.

मधू बाहेरच्या दारात उभा होता. कानाजवळ केस पांढरे, अंगात जाड कोट. "दादा!" म्हणून मिठी मारली. मी वाईट माणूस नाही, मलाही भरून आलं. दहा तासांचा विषय त्या क्षणी मी गिळला.

मधूचं घर

घर चांगलं आहे. दोन मजली, मागं हिरवळीचा तुकडा, प्रत्येक खोलीत गालिचा. संडाससुद्धा गालिच्यावर. मला दोन दिवस तिथं चप्पल कुठं काढावी कळेना. नळाला चोवीस तास पाणी, आणि तेही गरम. आमच्या गल्लीत एक दिवसाआड नळ येतो तेव्हा घागरींवरून भांडणं होतात, आणि इथं मधू नळ तसाच सोडून दाढी करतो.

शैला, त्याची बायको, पुण्याची. माझं अगत्यानं केलं, खोटं कशाला बोलू? आमटीत गूळ घालते एवढाच तिचा दोष. मी शेवटी ताटात चटणीचा डोंगर करून वर आमटी ओतायला लागलो तेव्हा ती हसली आणि तिसऱ्या दिवसापासून माझी आमटी वेगळी करू लागली.

मधूनं मला घर दाखवलं ते एखादा किल्ला दाखवावा तसं. हा दरवाजा असा, ही भिंत मी स्वतः रंगवली, ही कपाटं मी ठोकली. ही त्याची जुनी खोड मला आवडते. तो लहानपणीही खुळखुळा मोडून परत जोडायचा. मी म्हणालो, "आईनं बघायला हवं होतं." तो म्हणाला, "हो ना," आणि मला माळ्यावरची जागा दाखवायला जिना चढू लागला.

मग एका सकाळी तो कामावर गेला होता, शैला कणीक मळत होती, आणि मी तिथंच स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो होतो. मी सहज विचारलं, घर कधी घेतलं?

"मागच्या वर्षी," ती म्हणाली. "भाऊजी, तीन वर्षं शोधत होतो. दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं. हे मिळालं तेव्हाही वकिलांनी किती दिवस घोळ घातला! शेवटी किल्ल्या मिळाल्या रामनवमीला, मी म्हटलं..."

तिचे हात कणकेतच थांबले.

सोलापुरात बर्फाच्या लाद्या वितळत होत्या, बायका पाणी उपसत होत्या, मी रस्त्याच्या तोंडाशी उभा होतो, आणि इथं त्याच दिवशी गृहप्रवेश चालला होता. सुतकात गृहप्रवेश! शैलाचे डोळे भरले. ती म्हणाली, "मी त्यांना जा म्हटलं होतं." मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं.

त्या घरातला गालिचा त्या दिवसापासून मला पायाखाली सहन होईना.

बागेतला बाक

रविवारी मधू मला जवळच्या बागेत घेऊन गेला. पानं गेलेली झाडं, तळ्यात बदकं, आणि गवतावर गुबगुबीत कावळे. आमच्याकडच्यांपेक्षा दीडपट. त्यांना कुणी पिंड ठेवत नसणार, तरी तब्येत बघा! माणसं त्यांना पाव टाकत होती आणि ते बिनधास्त पायांशी येऊन खात होते.

बाकावर बसलो. थंडी हाडात शिरत होती. मी विचारलं, "मधू, त्या दिवशी जागा मिळत होती का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं शैलानं सांगितलंय. तो खोटं बोलेल असं मला वाटलं होतं आणि त्यानं बोलावं असंही वाटत होतं.

"मिळत होती," तो म्हणाला. "सह्या माझ्याच लागत होत्या दादा. त्या दिवशी झाल्या नसत्या तर घर तिसऱ्यालाच गेलं असतं."

"मग फोनवर निघतो का म्हणालास? दोन रात्री ठेवली आम्ही तिला!"

"म्हणालो तेव्हा निघणारच होतो. बॅगसुद्धा भरली होती."

"आणि अंतर फार आहे, हे का लिहिलंस?"

तो म्हणाला, "तुम्हा सगळ्यांना ते पटेल म्हणून."

अशी तिडीक डोक्यात गेली! पण तो चूक बोलत नव्हता. पटलंच होतं की आम्हाला. मी स्मशानात उभा राहून त्याची वकिली केली होती, तीही फुकट.

मी स्वतःला आवरलं. ज्यासाठी आलो होतो ते अजून बाकी होतं. म्हटलं, "झालं ते झालं. रामनवमीच्या आदल्या दिवशी श्राद्ध आहे. माझ्याबरोबर चल. नाहीतर मागून ये. पान ठेव, हात जोड, दुसऱ्या दिवशी परत फिर. मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय तिला." आणि कावळ्याचं सांगितलं.

मधू ऐकत होता. त्याचे डोळे ओले झाले, हे मी पाहिलं. पण तो म्हणाला काय? "दादा, एका दिवसासाठी एवढ्या लांब..."

"लांब?" मी उठून उभाच राहिलो. बाजूच्या बाकावरची म्हातारी दचकली. "कुणाला सांगतोस लांब? मी बसून आलोय त्या विमानात! भाकरी खाल्ली, डुलकी काढली, की आलं तुझं लंडन. माझ्या शेजारी एक दुकानदार होता, बाप गेल्याचं कळलं तसा निघाला आणि दुसऱ्या संध्याकाळी घरी पोचला. सोनामावशी गुडघे धरून दोन एस्ट्या बदलत आली, तिला तुझ्याहून जास्त लांब पडलं! बोटीचे अठरा दिवस असते तर तुला हात जोडले असते रे मी."

"हळू बोल दादा, लोक बघतात."

"बघू देत. त्यांना कुठं कळतंय? हा सगळा रविवार मोकळा ठेवतोस तू कावळ्यांना पाव घालायला."

तो मग रजेचं काही सांगू लागला. उन्हाळ्यात त्याला छत दुरुस्त करायचंय, मग पुढच्या वर्षी नक्की. 'पुढच्या वर्षी नक्की' हे मी इतक्या पत्रांत वाचलंय की त्याचा छापखान्यात ठसा करून ठेवला असता तर सोय झाली असती. मी ऐकलं नाही. घराच्या दिशेनं चालू लागलो आणि रस्ता चुकलो. त्यानंच मला शोधून आणलं.

परत

उरलेले दिवस मी काय पाहिलं ते विचारू नका. राणीचा वाडा पाहिला, पूल पाहिला, पहारेकरी पाहिले. मधू रोज सकाळी विचारायचा, आज कुठं जायचं दादा? मला वाटायचं, आज तरी तो म्हणेल, येतो. एवढ्यासाठी मी त्या तीन आठवड्यांतला एकही दिवस कमी केला नाही.

निघायच्या दिवशी त्यानं रजा घेतली. मला पोचवायला! पहाटे उठला, गाडी पुसली, दोनदा तिकीट बघितलं. वाटेत गर्दी लागली तसा त्याच्या कपाळावर घाम. सारखा घड्याळ बघत होता. "वेळेत पोचायला हवं दादा. विमान कुणासाठी थांबत नाही."

मी म्हणालो, "माणसंच थांबतात."

तो परत घड्याळाकडं बघू लागला. विमानतळावर वाकून पाया पडला, मावशीसाठी मऊ लोकरीची शाल दिली. मी घेतली. आत गेल्यावर एका बाकावर ठेवली आणि तिथंच सोडून आलो. मावशीला शाल नको होती.

परतीचं विमान संध्याकाळी सुटलं आणि सकाळी मुंबईत. रात्रीची गाडी, आणि सकाळी सोलापूर. घड्याळाकडं मी एकदाही पाहिलं नाही.

रामनवमीच्या आदल्या दिवशी श्राद्ध झालं. सोनामावशी आदल्या संध्याकाळीच येऊन पोचली होती, दोन एस्ट्या बदलून. पान वाढलं, गच्चीवर नेऊन ठेवलं. मावशी जिना चढत नाही, पण त्या दिवशी माझ्या खांद्यावर भार टाकून चढली. समोरच्या कडुलिंबावर कावळे होते. एकही येईना.

मला पुढं व्हायला तोंड नव्हतं. काय शब्द देणार होतो मी आता?

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "दत्तू, तू जाऊन आलास न्हवं? खरं सांग. किती लांब हाय रं त्ये?"

दहा तास, हे माझ्या जिभेवर होतं. सोलापूर ते मुंबई, मावशी. तुझ्या गावाहून तू येतेस तेवढंच, थोडं जास्त. तिनं माझा दंड धरून ठेवला होता. मी म्हणालो, "लई लांब आहे मावशी. लई लांब."

"तरीच," मावशी म्हणाली. "जवळ असतं तर आलं असतं की लेकरू."

मग ती हळूहळू कठड्यापाशी गेली, पदर सारखा केला आणि झाडाकडं हात जोडले. "अक्का, ऐकलंस न्हवं? लई लांब हाय त्ये. दत्तू सोता जाऊन बघून आलाय. पोराचा काय बी दोस न्हाय. जेव बाई, वाट नगं बघू."

कावळा आला आणि पानातला भात खाऊ लागला.